डॉकिंगमधला न दिसणारा प्रोटॉन

डॉकिंग म्हणजे औषधाचा रेणू प्रथिनाच्या खिशात कसा बसेल, याचा संगणकी अंदाज. ते शिकवणारे बहुतेक व्हिडिओ सांगतात: पाणी काढून टाका, हायड्रोजन जोडा, रन द्या. नवख्याचा घात याच दोन क्लिकमध्ये होतो.

सरावाला एचआयव्ही प्रोटिएज हे विषाणूचं प्रथिन आणि त्यावरचं इंडिनाविर हे औषध घ्या, पीडीबी या प्रथिनरचनांच्या संग्रहातली १एचएसजी ही रचना. रिझोल्यूशन २ अँगस्ट्रॉम, म्हणजे हायड्रोजन दिसतच नाहीत. सॉफ्टवेअर ते अंदाजाने बसवतं. ९९ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या, आणि प्रत्येकीचं २५ क्रमांकाचं अ‍ॅस्पार्टेट समोरासमोर. पीएच ७ ला अ‍ॅस्पार्टेट ऋणभारित, या पाठ्यपुस्तकी नियमाने सॉफ्टवेअर दोघांनाही उणे भार देतं. पण इतक्या जवळचे दोन ऋणभार एकमेकांना सहन करत नाहीत. इंडिनाविर बसलेलं असताना साधारणपणे दोघांत मिळून एक प्रोटॉन (धनभारित हायड्रोजन) धरतात.

ही चूक लगेच दिसत नाही, हेच वाईट. ऑटोडॉक ४ हे डॉकिंगचं सॉफ्टवेअर अणूंवरचे आंशिक भार मोजतं, तिथे स्कोअर (बंधन किती घट्ट, याचा अंदाजी आकडा) तरी हलतो. ऑटोडॉक व्हीना हे त्याचं भावंड भार बघतच नाही. ऑक्सिजन हायड्रोजन देणारा की घेणारा, एवढंच बघतं, त्यामुळे आकडा छान येतो. पुढे तीच फाइल डायनॅमिक्सला, म्हणजे अणूंच्या हालचालीच्या सिम्युलेशनला, लावली की दोन अ‍ॅस्पार्टेट एकमेकांना ढकलतात, खिशाचा आकार बिघडतो आणि सगळं सिम्युलेशन पाण्यात. म्हणून प्रोपका (कुठला गट कुठल्या पीएचला प्रोटॉन सोडतो, याचा अंदाज देणारा प्रोग्रॅम) चालवा, तेही लिगँड, म्हणजे खिशात बसलेला रेणू, जागेवर ठेवून. हिस्टिडिनचे हायड्रोजन मात्र डोळ्यांनीच तपासा, आणि काय ठरवलं ते वहीत लिहा.

पाण्याचंही तेच. या रचनेत पाण्याचा एक रेणू खिसा झाकणाऱ्या दोन्ही झडपांवरच्या आयसोल्युसिन ५० ला इंडिनाविरशी जोडतो. तो काढलात तर चार हायड्रोजन बंध गेले. मग नेहमी ठेवायचा का? नाही. सायक्लिक युरिया वर्गातली संयुगं मुळात तोच रेणू हटवण्यासाठी रचली होती. तिथे तो ठेवलात तर लिगँडला जागाच उरत नाही.

बॉक्सचं, म्हणजे लिगँड जिथे शोधायचा त्या पेटीचं, थोडक्यात: ऑटोडॉक ४ मध्ये ६० म्हणजे ०.३७५ च्या अंतराने ६० बिंदू, २२.५ अँगस्ट्रॉम. व्हीनात ६० म्हणजे सरळ ६० अँगस्ट्रॉम. व्हीनातला एक्झॉस्टिव्हनेस (शोध किती कसून, तो आकडा) ८ वर सोडू नका, एवढ्या लवचिक रेणूला ३२ तरी द्या. वेगळ्या सीडने (शोधाच्या यादृच्छिक सुरुवातीचा आकडा) तीनदा चालवा.

रिडॉकिंग (माहीत असलेला लिगँड पुन्हा बसवून पद्धत तपासणं) करताना लिगँड स्फटिकातून उचलू नका, स्माइल्सपासून (रेणूची अक्षरांतली नोंद) नव्याने बांधा. नाहीतर उत्तर आधीच आत असतं. आरएमएसडी, म्हणजे स्फटिकातल्या जागेपासून अणू सरासरी किती हटले ते, २ अँगस्ट्रॉमच्या आत हवा, पण मोजताना प्रोग्रॅम लिगँड एकमेकांवर बसवून घेत नाही ना, ते बघा. तसं केलं तर चुकीची पोजही (रेणूची बसण्याची स्थिती) पास होते. उलटही घडतं: प्रोटिएज सममित आहे, उलटा बसलेला इंडिनाविर आकड्यात नापास दिसतो, प्रत्यक्षात तो बरोबर असू शकतो. घाबरू नका, चित्र उघडून बघा.

‘स्कोअर उणे किती आला?’ एवढंच विचारणाऱ्या गाइडपेक्षा ‘पोज दाखव’ म्हणणारा सीनियर शंभरपट बरा. खोलीच्या तापमानाला १.३६ किलोकॅलरी म्हणजे बंधनात दहापट फरक, आणि व्हीनाची स्वतःची चूक सुमारे २.८५. उणे ९.२ आणि उणे ८.७ यांची क्रमवारी लावून प्रबंधात तक्ता छापू नका.

नॅनोकणांकडे वळणाऱ्यांना वाटतं, प्रोटॉनच्या कटकटीतून सुटलो. २०१८ साली मंजूर झालेल्या पॅटिसिरॅन या लिपिड-नॅनोकणांतल्या औषधामधलं एमसी३ लिपिड बघा. एकट्या रेणूचा हिशेब केला तर पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन धरून असतात) नऊच्या आसपास येतो, म्हणजे ७.४ ला जवळजवळ सगळे भारित. पण कणात बसल्यावर मोजलेला पीकेए ६.४४ आहे. त्या हिशेबाने रक्तात जेमतेम १० टक्के भारित, आणि पीएच ५.५ च्या एंडोसोममध्ये (कण आत घेताना पेशीत बनणारी पिशवी) ९० टक्के. पहिला आकडा धरून सिम्युलेशनसाठी लिपिडांचा पडदा बांधलात तर रक्तातला कण म्हणून तुम्ही एंडोसोममधलाच कण अभ्यासत बसाल. भारित आणि उदासीन, दोन्ही लिपिडांच्या टोपॉलॉजी फाइल (रेणूचे बंध आणि भार सांगणाऱ्या) आधी तयार करा, मगच सिम्युलेशनची पेटी भरा.