शिकार, मासेमारी आणि समुद्रकिनारा : कायद्याच्या या चुका टाळा

"फासकी लावली होती, पण काही सापडलंच नाही, मग शिकार कसली?" हा बचाव चालत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार फासा लावणे, विष घालणे, हाकारा करणे, आमिष ठेवणे आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणे म्हणजे शिकारच. पक्ष्यांची किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी उचलणेही त्यातच येते. ससा, तितर यांना कोण विचारतंय, हा समज काढून टाका. दोन्ही संरक्षित आहेत. घोरपड तर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. तिच्यासाठी किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद, शिवाय निदान २५,००० रुपये दंड. बंदुकीचा परवाना खिशात असला म्हणून शिकारीची परवानगी मिळत नाही, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रानडुकरांसाठी कुंपणात थेट लाइनची वीज सोडणे ही सर्वांत जीवघेणी चूक. सौर कुंपणाचे यंत्र क्षणभराचा झटका देते, मग खंड पडतो आणि तेवढ्यात जनावर मागे सरते. थेट तारेतला प्रवाह थांबत नाही. स्नायू आखडतात आणि जनावर तारेलाच चिकटून राहते. रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारीही असाच जातो.

जीव वाचवताना प्राणी मारला गेला, तर कायदा समजून घेतो. पण तो प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो. त्याला हात न लावता लगेच १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर कळवा. काही ताब्यात आलेच असेल, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याकडे नोंद हवी. मांसाचे वाटे पडले, की स्वसंरक्षणाचे कारण कोणी ऐकून घेत नाही.

महाराष्ट्राच्या समुद्रात पावसाळी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. नारळी पौर्णिमेच्या हिशेबावर विसंबू नका, त्या वर्षीचा आदेश वाचा. बिगर-यांत्रिक होड्यांना सूट आहे. आउटबोर्ड (मागे बाहेरून लावायचे इंजिन) बसवलेली होडी त्यात धरली जात नाही. बारा सागरी मैलांपलीकडे राज्याची हद्द संपते म्हणून तिथे मोकळे रान, हेही खोटे. तिथे केंद्राची बंदी असते. बंदीत गेलेल्या नौकेला अपघात झाला, तर शासनाची भरपाई मिळत नाही. एलईडी दिव्यांवरची मासेमारी मात्र बाराही महिने बंद आहे.

जाळ्यात कासव आले, तर गडबड होते ती घाईमुळे. पर (वल्ह्यासारखे पाय) धरून ओढू नका, त्याच्याभोवतीचे जाळे कापा. कासव निपचित असेल, तर मेले समजून फेकू नका. बहुतेकदा नाकातोंडात पाणी गेलेले असते. पोटावरच ठेवा, मागची बाजू वीतभर उंच करा, सावलीत ओल्या फडक्याने झाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा. शुद्धीवर यायला काही तास लागू शकतात. सोडताना इंजिन न्यूट्रलमध्ये हवे, नाहीतर पंख्यात सापडते. कापलेल्या जाळ्यासाठी राज्याच्या योजनेत २५,००० रुपयांपर्यंत भरपाई आहे, पण सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो. एका खलाशाच्या हातात आधी मोबाइल द्या, मग कातरी चालवा. बहिरी, म्हणजे व्हेल शार्क (देवमासा नव्हे, मोठी मुशी) अडकला तरी जाळे कापण्याचे आणि भरपाईचे हेच.

धरणात गळ टाकण्याआधी ठेका कोणत्या मच्छीमार संस्थेकडे आहे ते विचारा. सुरुंग आणि विष यांना तर १८९७ पासून बंदी आहे.

किनाऱ्याबाबत दोन्ही टोकांच्या चुका होतात. भरतीरेषेखालची वाळू सरकारची असते, ती कोणी कुंपण घालून अडवू शकत नाही. पण तिथे पोहोचायला कोणाच्या खाजगी वाडीतून जाण्याचा हक्क त्यामुळे मिळत नाही. सार्वजनिक पाखाडी (पायवाट) शोधा. कुंपणाची तक्रार करायची, तर 'रस्ता अडवला' एवढे लिहून भागत नाही. मंजूर सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) नकाशावरची भरतीरेषा, गट क्रमांक आणि भरतीच्या वेळचा फोटो जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. भरतीचे पाणी कुंपणाला टेकलेले दिसत असेल, तर बाकीचे फार सांगावे लागत नाही.