लेंटमध्ये सात पश्चात्तापस्तोत्रे कशी म्हणावीत

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ, आला की पहिला प्रश्न असतो, यंदा काय सोडायचे? सोडणे चांगलेच; पण रिकाम्या झालेल्या वेळेत काय करायचे, हेही ठरवायला हवे. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, परंपरेत त्यासाठी एक जुनी, साधी साधना आहे: सात पश्चात्तापस्तोत्रे म्हणणे. बायबलच्या स्तोत्रसंहितेतली ही स्तोत्रे म्हणजे ६, ३२, ३८, ५१, १०२, १३० आणि १४३. सहाव्या शतकातल्या कॅसिओडोरस या ख्रिस्ती लेखकाच्या भाष्यातही ती एका गटात येतात.

सुरुवात राखेच्या बुधवारी, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवशी, करा. १६६२ च्या 'बुक ऑफ कॉमन प्रेअर' या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात त्या एका दिवशी सातही स्तोत्रे आहेत: सकाळी ६, ३२, ३८, संध्याकाळी १०२, १३०, १४३, आणि ५१ वे त्या दिवसाच्या पश्चात्तापाच्या खास उपासनेत. सातांची मिळून ११० वचने होतात. सावकाश म्हटली तरी अर्धा तास पुरतो.

गुरुवारपासून रोज एकच. मी वार असे लावतो: सोमवारी ६, मंगळवारी ३८, बुधवारी १०२, गुरुवारी १४३, शुक्रवारी ५१, शनिवारी १३०, रविवारी ३२. लेंटचे चाळीस दिवस मोजताना सहा रविवार धरत नाहीत, कारण रविवार पुनरुत्थानाचा, उपासाचा नव्हे. म्हणून क्षमा मिळालेल्या माणसाचा आनंद ज्यात आहे ते ३२ वे त्या दिवशी.

आता म्हणण्याची रीत. रोज एकच जागा आणि एकच वेळ ठेवा. स्तोत्र मोठ्याने म्हणा, निदान ओठ तरी हलू द्या. नुसत्या डोळ्यांनी वाचले की मन पुढे पळते. प्रत्येक वचनाच्या मध्यावर एक श्वास थांबा. सुरुवातीला हे थांबणे अवघडल्यासारखे वाटेल, पण चार-पाच दिवसांत शब्द आपोआप खाली उतरू लागतात. शेवटी 'पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांना गौरव असो' म्हणा. मग दोन मिनिटे गप्प बसा आणि त्या दिवसातली एकच गोष्ट, कुणाला टाकून बोललेला शब्द किंवा टाळलेले काम, नाव घेऊन देवापुढे ठेवा. 'मी फार पापी आहे' असे मोघम म्हणणे सोपे असते, त्याने काही हलत नाही.

त्यानंतर राखेच्या बुधवारचे कलेक्ट. १५४९ च्या प्रार्थनापुस्तकासाठी आर्चबिशप क्रॅनमरने लिहिलेली ही छोटी प्रार्थना लेंटभर रोज म्हणावी, अशी १६६२ च्या पुस्तकातली सूचनाच आहे. तिची सुरुवात मला फार मोलाची वाटते: देवा, तू निर्माण केलेल्या कशाचाही तू द्वेष करत नाहीस. पश्चात्ताप इथून सुरू होतो, भीतीपासून नाही. पुढे ती नवे, अनुतापी हृदय मागते, आणि ५१ व्या स्तोत्राचे शब्द ओळखू येतात.

दोन ठिकाणी अडखळायला होते. ६ आणि १४३ मध्ये शत्रूंबद्दल कठोर ओळी आहेत. त्या गाळू नका. आपल्याच लोभाला आणि रागाला शत्रू समजून म्हणा. दुसरे म्हणजे ३८ आणि १०२ मधले दुःख कधीकधी आपले वाटतच नाही. छपरावर एकट्या बसलेल्या चिमणीसारखा झालो आहे, असे १०२ म्हणते, आणि आपण तर घरच्यांच्या गोतावळ्यात सुखात असतो. अशा वेळी खरोखर एकटा पडलेला एक माणूस डोळ्यांसमोर आणा आणि स्तोत्र त्याच्या तोंडचे समजून म्हणा. एका लेंटमध्ये मी हे केले, आणि तिसऱ्या बुधवारी स्तोत्र संपताच उठून त्या माणसाला फोन लावला.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन म्हणून भरपाई करू नका. त्या वाराचे स्तोत्र घ्या आणि पुढे चला.

या क्रमाने उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) ५१ वे येते आणि पवित्र शनिवारी १३० वे. शनिवारचे अंधार पडल्यावर, दिवा न लावता म्हणा. आठ वचनांचे आहे, तोवर पाठ झालेले असेल. पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी त्यात दोनदा येतात. तिथे नेहमीपेक्षा जास्त थांबा आणि तसेच झोपायला जा. सकाळी उठल्यावर ३२ वे म्हणायचे आहे.