शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज मराठीत कसा घडवावा

शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी मुलगी सोळा-सतरा वर्षांची असते, हातातला फोन बहुधा वडिलांचा किंवा मोठ्या भावाचा असतो, आणि मुदत संपायला दोन दिवस उरलेले असतात. एका शैक्षणिक न्यासाच्या अशा अर्जाचे काम माझ्याकडे आले, तेव्हा आम्ही आधी फोनवर दिसणारे पडदे (स्क्रीन) रंगवले आणि इंग्रजीत लिहिलेला मजकूर शेवटच्या आठवड्यात मराठीत उतरवून घेतला. परिणाम असा झाला की, पहिल्या वर्षी मदतीसाठी आलेल्या फोनांपैकी बहुतेक फोन ‘इथे नेमके काय भरायचे’ एवढेच विचारणारे होते. तेव्हापासून मी हे काम उलट्या क्रमाने करतो, आणि तोच क्रम येथे सांगत आहे.

आधी बोलून पाहा

समोर एका विद्यार्थ्याला बसवा, हातात कोरा कागद घ्या आणि अर्जातला प्रत्येक प्रश्न तोंडी विचारा. ‘उत्पन्नाचा तपशील प्रविष्ट करा’ असे कोणी कोणाला समोरासमोर म्हणत नाही. आपण विचारतो, ‘घरचे वर्षाचे उत्पन्न किती?’ आणि लगेच पुढे जोडतो, ‘तहसीलदारांच्या दाखल्यावर आहे तेच सांगा.’ हे दुसरे वाक्य फार मोलाचे असते, कारण अर्जाच्या चौकटीवर नेमके तेच छापायचे असते. तोंडी विचारताना प्रश्नांचा क्रमही आपोआप लागतो: आधी नाव-गाव, मग शिक्षण, मग घरची परिस्थिती आणि सर्वांत शेवटी बँकेचे खाते. अनोळखी माणसाला पहिल्याच वाक्यात आपण खाते क्रमांक विचारत नाही. अर्जानेही विचारू नये.

याच बैठकीत कोणकोणते कागद लागतील याची यादी तयार होते. दहावीची गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, पासबुकाचे पहिले पान ही नावे पहिल्या प्रश्नाच्याही आधी, पहिल्याच पडद्यावर द्यावीत. निम्मा अर्ज भरून झाल्यावर दाखला मागितला, तर तो आणायला गेलेली मुलगी परत येईलच असे नाही.

चौकटीने माणसाला सांभाळून घ्यावे

नावापासून सुरुवात करू. पहिले नाव, मधले नाव आणि आडनाव अशा तीन चौकटी हा परदेशातून आलेला साचा आहे. आपल्याकडे गुणपत्रिकेवर बहुधा आडनाव आधी येते, मग स्वतःचे नाव आणि मग वडिलांचे. लग्नानंतर अनेकींचे नाव बदलते. काही मुले केवळ आईचे नाव लावतात. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव समाविष्ट करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतलेला असल्याने, आज केलेली तीन चौकटींची रचना ही मुले मोठी होतील तेव्हा अपुरी पडणारच आहे. म्हणून एकच लांब चौकट द्यावी आणि तिच्यावर लिहावे: ‘पूर्ण नाव, दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे त्याच क्रमाने’. आतल्या नोंदींसाठी नाव तोडून हवे असेल, तर ते काम कार्यालयाने करावे.

आता आयएफएससी कोड जवळून पाहू. तो अकरा अक्षरांचा असतो: पहिली चार इंग्रजी अक्षरे बँकेची, पाचव्या जागी नेहमी शून्य आणि शेवटची सहा चिन्हे शाखेची. पासबुकावरचा शिक्का पुसट असला की पाचव्या जागेवरचे शून्य ‘ओ’सारखे दिसते, विद्यार्थी ‘ओ’ टाकतो आणि पडद्यावर लाल अक्षरांत उमटते: ‘अवैध कोड’. त्या जागी शून्याखेरीज दुसरे काही येऊच शकत नाही हे संगणकाला ठाऊक असताना ही चूक माणसाच्या पदरात का टाकावी? पाचव्या जागेवरच्या ‘ओ’चे शून्य परस्पर करून घ्यावे, लहान लिपीतली अक्षरे मोठी करावीत, मधल्या मोकळ्या जागा काढून टाकाव्यात आणि मग बँकेचे व शाखेचे नाव दाखवून विचारावे, ‘हीच शाखा ना?’ मोबाइल क्रमांकाचेही तसेच. कोणी आधी शून्य लावतो, कोणी +९१ लावतो, कोणी पाच-पाच आकड्यांत मोकळी जागा सोडतो आणि मराठी कळफलक चालू असेल तर देवनागरी अंक येतात. या सर्व रीती स्वीकारून दहा आकडे स्वतः वेगळे काढणे हे संगणकाच्या आज्ञावलीत काही ओळींचे काम आहे. फक्त अंक भरायचे असतील तेथे अंकांचाच कळफलक उघडावा, आणि रक्कम दाखवताना १,५०,००० असा लाखांचा स्वल्पविराम द्यावा.

चूक दाखवायचीच असेल, तर ती त्या चौकटीच्या लगतच, काय करायचे ते सांगून दाखवावी: ‘मोबाइल क्रमांकात एक आकडा कमी आहे.’ अर्जाच्या माथ्यावर ‘कृपया त्रुटी दुरुस्त करा’ असे लिहून थांबणे आणि त्यातही भरलेली माहिती पुसून टाकणे, यापेक्षा मोठा अन्याय या व्यवसायात मला ठाऊक नाही.

मराठी वाक्य साच्यात कसे बसवावे

संगणक वाक्य तयार करताना मधली जागा मोकळी सोडतो आणि तेथे नाव भरतो. इंग्रजीत हे खपते. मराठीत नामाला प्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप होते, त्यामुळे ‘पुणेमध्ये ४ महाविद्यालये’ किंवा ‘साताराहून आलेले अर्ज’ असली वाक्ये पडद्यावर उमटतात. यावर सोपा उपाय असा की, प्रत्यय नावाला न लावता त्याच्या शेजारच्या सामान्य शब्दाला लावावा. ‘सातारा जिल्ह्यात’, ‘पुणे जिल्ह्यातून’ असे लिहिले की ‘सातारा’ आणि ‘पुणे’ जसेच्या तसे राहतात आणि वाक्यही शुद्ध होते. माणसांच्या नावांसाठी ‘यांचा’, ‘यांनी’ हे शब्द तेच काम करतात. शिवाय ‘सुनीता यांनी अर्ज पाठवला’ या रचनेत क्रियापद अर्जाप्रमाणे चालते, त्यामुळे पाठवणारा मुलगा आहे की मुलगी हे संगणकाला ठाऊक असण्याची गरजच उरत नाही. संख्येकडे मात्र वेगळे लक्ष द्यावे लागते: ‘१ महिना’ आणि ‘२ महिने’ अशी दोन्ही रूपे लिहून ठेवली नाहीत, तर ‘१ महिने शिल्लक’ असे वाचायला मिळते.

बटणांवरचा मजकूर मी सर्वांत शेवटी लिहितो आणि सर्वाधिक वेळ त्यालाच देतो. आमच्या पहिल्या आवृत्तीत अर्ज मागे घेण्याची सोय होती. ते बटण दाबल्यावर प्रश्न येत असे, ‘अर्ज रद्द करायचा आहे का?’ आणि खाली दोन बटणे: ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’. इंग्रजीतला ‘कॅन्सल’ हा परतीचा शब्द मराठीत ‘रद्द करा’ असा उतरला होता, त्यामुळे अर्ज ठेवू पाहणारा आणि अर्ज काढू पाहणारा असे दोघेही त्याच बटणावर बोट ठेवत. आता तेथे ‘अर्ज मागे घ्या’ आणि ‘अर्ज तसाच ठेवा’ अशी बटणे आहेत. प्रश्न न वाचता केवळ बटण वाचले तरी पुढे काय घडणार हे कळले पाहिजे, ही कसोटी प्रत्येक बटणाला लावावी.

अक्षर आणि बोट

देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात, तर खाली उकार आणि ऋकार. इंग्रजीसाठी ठरवलेल्या ओळींच्या अंतरात आणि बटणांच्या उंचीत हे सगळे मावत नाही. ‘विद्यार्थ्यांचे’ या शब्दातला अनुस्वार कापला गेला की तो एकवचनी होतो, म्हणजे येथे दिसण्याबरोबर अर्थही बिघडतो. ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या किमान दीडपट ठेवावी आणि प्रत्येक बटण ‘विद्यार्थ्यांचे’ आणि ‘कर्तृत्व’ यांसारखे शब्द घालून तपासावे. इंग्रजी शीर्षकांत शोभेसाठी अक्षरांमध्ये अंतर सोडतात, ते देवनागरीत मुळीच सोडू नये; त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात.

रंगांबाबत वेबच्या सुगम्यतेसाठीच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांत स्पष्ट आकडा दिलेला आहे: नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील तफावत किमान ४.५ : १ असावी. फिकट करड्या अक्षरांतल्या सूचना कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर देखण्या दिसतात, पण एसटी स्थानकावरच्या उन्हात त्या वाचता येत नाहीत. बटणांच्या आकाराबाबत पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलेला नियम आजही लागू पडतो: लक्ष्य जितके लहान आणि दूर, तितका तेथे पोहोचायला वेळ जास्त लागतो. ‘पुढे’ हे बटण रुंद आणि अंगठ्याच्या टप्प्यात असावे. ‘अर्ज मागे घ्या’ त्याच्यापासून लांब असावे.

नेटवर्क आणि ओटीपी

प्रत्येक चौकट भरताच ती जतन करावी. बोट टेकल्याबरोबर, म्हणजे ०.१ सेकंदाच्या आत, बटणाने दाबले गेल्याची खूण द्यावी. काम १० सेकंदांहून लांबणार असेल, तर किती काम झाले हे दाखवावे, नाहीतर माणूस तेच बटण पुन्हा पुन्हा दाबतो. छायाचित्र २०० केबीपेक्षा लहान करून आणण्याची अट घालू नये. ते लहान करण्याचे काम आपल्या प्रणालीनेच करावे.

ओटीपीची अडचण मला एका वडिलांमुळे समजली. मुलगी शेजाऱ्यांच्या फोनवरून अर्ज भरत होती आणि नोंदवलेला क्रमांक रानात गेलेल्या वडिलांजवळ होता. ओटीपीची मुदत तीन मिनिटांची. तिने त्यांना फोन लावून आकडे विचारून घेईपर्यंत ती दोनदा उलटली आणि तिसऱ्या वेळी खाते चोवीस तासांसाठी बंद झाले. आम्ही मुदत दहा मिनिटांची केली, पुन्हा मागवलेल्या ओटीपीबरोबर आधीचाही चालेल असे केले आणि भरलेला अर्ज तसाच राखून ठेवला.

संमतीच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण करून ठेवणे, वा नकाराचे बटण पुसट करणे या गोष्टी तर करूच नयेत. भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ साली अशा फसव्या रचनांचे १३ प्रकार नमूद करून त्यांना मनाई केलेली आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज बाजारातला व्यवहार नाही, हे खरे. पण ज्याला नकार देणे परवडत नाही त्याच्याकडून संमती काढून घेणे मला अधिकच गैर वाटते.

पाच जणांना भरू द्या

अर्ज तयार झाला की पाच विद्यार्थ्यांना त्यांच्याच फोनवर, एकेकट्याने भरायला सांगावे. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली पाच जणांच्या चाचणीचा हा आग्रह धरला होता आणि माझा अनुभवही तसाच आहे: पाचव्या विद्यार्थ्यापर्यंत त्याच त्या अडचणी पुन्हा दिसू लागतात. शेजारी बसावे, वहीत लिहावे, मदत मात्र करू नये. बोट कोठे थबकले, कोणता शब्द दोनदा वाचला, कोणत्या ठिकाणी विद्यार्थ्याने मान वर करून तुमच्याकडे पाहिले, एवढेच टिपावे.

अशाच एका बैठकीत आम्हाला शेवटच्या पडद्याचा धडा मिळाला. अर्ज पोहोचल्यावर आम्ही अभिनंदनाचे मोठे चित्र दाखवत होतो आणि अर्ज क्रमांक त्याच्या खाली, पडदा वर सरकवल्यावर दिसत असे. पाचांपैकी चौघांनी त्या पडद्याचा स्क्रीनशॉट घेतला, आणि चौघांच्याही स्क्रीनशॉटमध्ये क्रमांक आला नव्हता. चित्र आम्ही काढून टाकले. आता त्या पडद्यावर अर्ज क्रमांक, नाव, पाठवल्याची तारीख आणि ‘निकाल कळवण्यासाठी नोंदवलेल्या मोबाइल क्रमांकावर एसएमएस येईल’ हे वाक्य, एवढेच असते, आणि ते लहानात लहान फोनवरही न सरकवता एका स्क्रीनशॉटमध्ये मावते.