महिला व्हॉलीबॉल संघ निवडताय? या चुका टाळा

निवड चाचणी सुरू झाली की पहिल्या दहा मिनिटांत काय होणार, हे मला डोळे मिटून सांगता येतं. नेटजवळ कुणीतरी सर उभे राहतात, दोन्ही हातांनी नेमका हवा तसा बॉल उडवून देतात आणि मुली चार नंबरवरून, म्हणजे नेटजवळच्या डाव्या बाजूने, रांगेने येऊन मारत सुटतात. जिचा बॉल तीन मीटरच्या रेषेच्या आत आदळून छताकडे उडतो, तिच्या नावापुढे टीक. कडेला बसलेले पालक टाळ्या वाजवतात. अर्ध्या तासात समितीच्या डोक्यात संघ तयार झालेला असतो.

आधी खेळाडू म्हणून आणि मग निवड समितीत, अशी या टेबलाच्या दोन्ही बाजूंना मी बरीच वर्षं काढली. राष्ट्रीय शिबिरापर्यंत पोहोचणारी मुलगी जिल्हा आणि राज्य याच गाळणीतून जाते. खाली चुकलेलं वर दुरुस्त होत नाही, कारण जी जिल्ह्यातच गळली ती देशाच्या निवडकर्त्यांना कधी दिसतच नाही. म्हणून त्याच त्या चुका पुन्हा पाहिल्या की मला राग येतो.

फक्त स्मॅश बघून टीक करणं

सामन्यात तुमच्यासाठी कुणी हाताने बॉल उडवून देत नाही. समोरून सर्व्हिस येते, कुणीतरी ती उचलते, सेटर, म्हणजे मारणारीला बॉल उडवून देणारी, पळत बॉलखाली जाते आणि मग तुमची पाळी. पहिला हात चुकला की पुढचं सगळं बिघडतं. पास सेटरपर्यंत नीट गेला नाही तर मधला अटॅक बंद होतो, बॉल चार नंबरवरच जाणार हे समोरच्या ब्लॉकर्सना कळतं आणि तुमच्या लाडक्या स्मॅशरपुढे चार हातांची भिंत उभी राहते. त्यातून महिलांच्या खेळात रॅली लांबते. पहिल्या स्मॅशवर पॉइंट मिळाला नाही की तोच बॉल परत येतो आणि तो उचलावा लागतो.

काही वर्षांपूर्वी एका राज्याच्या महिला संघाच्या निवड समितीत मी होते. सकाळी स्मॅश, दुपारी दोन सेटची मॅच, संध्याकाळी यादी. आम्ही पाच जबरदस्त मारणाऱ्या मुली घेतल्या. त्याच चाचणीत एका खेड्यातल्या शाळेची, मुरमाच्या मैदानावर वाढलेली मुलगी होती, उंची 164 सेंटिमीटर. मारताना ती कुणाच्या डोळ्यांत भरली नाही. तिच्याकडे आलेला बॉल मात्र काहीही आवाज न करता सेटरच्या कपाळावर जाऊन थांबायचा. माझ्या वहीत मी ‘हात छान’ असं लिहिलंही होतं. तरी मी तिच्यासाठी भांडले नाही. बाकीच्यांना घाई होती, मलाही परतीची बस गाठायची होती.

राष्ट्रीय स्पर्धेत दुसऱ्याच सामन्यात समोरच्या संघाच्या प्रशिक्षकांनी आमचं दुखणं पाच मिनिटांत ओळखलं. त्यांनी आमच्या सर्वात जोरात मारणाऱ्या मुलीवर फ्लोट सर्व्हिस टाकायला सुरुवात केली. फिरकी नसलेला तो बॉल हवेत डुलत येतो आणि शेवटच्या क्षणी खाली बसतो किंवा बाजूला सरकतो. त्या मुलीने आयुष्यात रिसिव्ह करायचा सराव केलाच नव्हता, तिला तो कुणी करायलाच लावला नव्हता. सलग सात पॉइंट गेले. बदली केली तर आत आलेली दुसरीही मारणारीच. पहिला सेट 25–12. टाइमआउटला ती मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, “मॅडम, मला बाहेर घ्या.” वीस वर्षांची पोर. चूक तिची नव्हती, आम्ही तिला जिथे उभं केलं त्या जागेची होती. ज्या हातांमुळे ती निवडली गेली, ते हात त्या दिवशी बॉल मारायला मोकळेच झाले नाहीत.

हे काही नवं शहाणपण नाही. 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये महिला व्हॉलीबॉल पहिल्यांदा खेळलं गेलं आणि जपानने सोव्हिएत संघाला हरवून सुवर्ण घेतलं. प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सू यांचा तो संघ बहुतांश एकाच कापड गिरणीतल्या मुलींचा होता. जमिनीवर लोळण घेत बॉल उचलायचा आणि त्याच झोक्यात पुन्हा उभं राहायचं, यावर त्यांनी त्या मुलींकडून अफाट मेहनत करून घेतली होती. उंच, ताकदवान संघाला त्यांनी उचलून-उचलून दमवलं.

त्या स्पर्धेनंतर मी एक सवय लावून घेतली. चाचणीच्या पहिल्या टप्प्यात कुणीही स्मॅश मारायचा नाही. प्रत्येक मुलीला तीस सर्व्हिस: दहा एक नंबरवर (मागे उजवीकडे), दहा सहावर (मागे मधे), दहा पाचवर (मागे डावीकडे). सर्व्हिस करणाऱ्या मुली चांगल्या हव्यात, हळूच ढकलणाऱ्या नकोत. सेटरला नेटवर डावीकडे, मधे, उजवीकडे अशा तिन्ही ठिकाणी बॉल देता येईल असा पास म्हणजे तीन गुण, दोन पर्याय उरले तर दोन, नुसता उंच बॉल चारवर टाकावा लागला तर एक, पॉइंट गेला तर शून्य. गुण लिहायला वेगळं माणूस बसवते, कारण निवड करणाऱ्यानेच लिहायला घेतलं की आवडत्या मुलीला अर्धा गुण नकळत वाढतो. नव्वदपैकी किती, तो आकडा समोर आल्याशिवाय मी नेटवर कुणाला सोडत नाही. याला वेळ लागतो, चाळीस मुली असतील तर सकाळ जाते. ज्यांना एवढा वेळ नाही त्यांनी समितीत येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उंचीची पट्टी भिंतीला लावून मोकळं होणं

उंची लागते, त्यात वाद नाही. महिलांचं नेट 2.24 मीटरवर असतं आणि ब्लॉकला हात त्याच्या वर न्यावेच लागतात. पण आपण मोजतो काय? डोक्याचा शेंडा. डोक्याने कुणी ब्लॉक करत नाही. उभं राहून हात कुठवर पोहोचतो, पळत येऊन उडी मारल्यावर कुठवर जातो आणि जागेवरून ब्लॉकला कुठवर जातो, हे तीन आकडे घ्या. 178 सेंटिमीटरच्या दोन मुलींत हाताच्या लांबीने आणि उडीने केवढा तरी फरक पडतो. शिवाय एकच उडी मोजू नका. मी पहिली मोजते आणि दमछाक झाल्यावरची एक. पाचव्या सेटमध्ये ती दुसरीच कामाला येते.

जपानची योशिए ताकेशिता 159 सेंटिमीटरची सेटर. 2006 च्या जागतिक स्पर्धेत ती सर्वोत्तम खेळाडू ठरली, 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये जपानला कांस्य मिळालं तेव्हा ती संघात होती. आपल्याकडच्या कितीतरी चाचण्यांत ती दारातूनच परत गेली असती.

आणि उलट बाजूही सांगते. उंच मुलगी कच्ची दिसली म्हणून तिला घालवूही नका. सोळा वर्षांची, 183 ची, खेळायला लागून दोन वर्षं झालेली मुलगी बारा जणींच्या संघात घेऊ नका, पण शिबिरात ठेवा. तिला दोन-तीन वर्षं द्यावी लागतात. इथेच आपला धीर सुटतो.

सेटर आणि लिबेरो उरलेल्यांतून काढणं

आधी अटॅकर, मग ब्लॉकर, मग युनिव्हर्सल, आणि शेवटी कुणीतरी विचारतं, “लिफ्टर कोण?” मग उरलेल्यांत जिचे हात बरे ती सेटर. एकच सेटर खेळवणाऱ्या संघात बॉल आपल्या बाजूला आला की तीन टचपैकी मधला जवळजवळ नेहमी तिचा असतो. अशी व्यक्ती शेवटी निवडायची? मी आता दोन्ही सेटर सर्वात आधी ठरवते आणि मग त्यांच्याबरोबर कोण चांगलं मारतं हे पाहते. चांगला पास मिळाल्यावर सगळ्याच सुंदर सेट करतात. म्हणून मी मुद्दाम वाकडे पास देते, पाच मीटर मागे, नेटला चिकटलेले, अंधाऱ्या कोपऱ्यातले. सेटर मागच्या फळीत पाच नंबरवर असताना तिला नेटपर्यंत सर्वात लांब पळावं लागतं, त्या रोटेशनमध्ये तिला निदान दहा रॅली खेळवा. तिथे जी घाबरत नाही ती तुमची सेटर.

लिबेरोचंही, म्हणजे फक्त मागच्या फळीत राहून बॉल उचलणारीचंही, तेच. “बुटकी आहे, लिबेरो करा,” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! 1998 पासून नियमांत असलेली ही स्वतंत्र जागा आहे. ही मुलगी मागून सगळं मैदान वाचते आणि दोन्ही बाजूंना हाका देते. गप्प राहणारी लिबेरो कितीही चपळ असली तरी मी घेत नाही.

थायलंडचा महिला संघ पाहा. उंचीने चीनपुढे ठेंगणा, तरी 2009 मध्ये चीनला आणि 2013 मध्ये जपानला अंतिम सामन्यात हरवून त्यांनी आशियाई विजेतेपद घेतलं. नूतसारा तोमकोम ही सेटर आणि तिच्याबरोबरच्या त्याच मुली वर्षानुवर्षं एकत्र ठेवल्या होत्या. सेटरच्या हातून बॉल सुटायच्या आधी मधली मुलगी हवेत असायची. दर वर्षी नवी यादी काढणाऱ्यांना हे जमणार नाही.

बाकीच्या, थोडक्यात

रात्रभर एसटीने आलेल्या मुलीची सकाळी आठला उडी मोजू नका. तिला जेवू द्या, झोपू द्या, दुपारी मोजा.

बारा म्हणजे सहा अधिक सहा सावल्या असं समजू नका. एका सेटला सहाच बदली मिळतात. फक्त सर्व्हिससाठी किंवा फक्त ब्लॉकसाठी आत येणारी मुलगी हवीच.

चिठ्ठी आणि फोन. ज्या मुलीसाठी फोन आला तिचे आकडे मी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचते. पुढचा फोन येत नाही.

चारचौघांत मुलीच्या वजनावर बोलणारा निवडकर्ता समितीत नको. मुली जेवण सोडतात, पाळी अनियमित होते, मग हाडं आणि गुडघे बोलायला लागतात. तपासणी डॉक्टरांनी करावी, बंद खोलीत.

दुखणं लपवणाऱ्या मुलीला ओरडू नका. ‘दुखतंय’ म्हटलं की नाव कटतं हे तिने पाहिलेलं असतं. मी उडी किती उंच हे पाहतेच, पण जमिनीवर उतरताना गुडघे आत वळतात का, एकाच पायावर भार येतो का, हेही पाहते. गुडघ्याचा लिगामेंट तिथेच जातो.

सहा महिन्यांत राज्य संघ, हे स्वप्न विकणाऱ्यांपासून पालकांनी दूर राहावं. मोबाइलवर पाहून रोज दोनशे उड्या मारणाऱ्या चौदा वर्षांच्या मुली माझ्याकडे गुडघा धरून येतात आणि त्यांना धड अंडरहँड पास येत नसतो. आधी दोन वर्षं पास, मग बाकीचं. याला दुसरी वाट नाही.

एका वाईट सामन्यावरून कुणाला कापू नका. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये प्रशिक्षक लांग पिंग यांचा चीनचा संघ गटात तीन सामने हरला आणि शेवटी सुवर्ण घेऊन गेला. त्यांच्याकडे मोठा संच तयार होता आणि त्यांनी तो वापरला.

यादी रात्री व्हॉट्सॲपवर टाकून गप्प बसणं

ही चूक निवडीनंतरची, आणि मला सर्वात जास्त खटकते ती हीच. ज्या मुलींची नावं नाहीत त्यांना कारण कुणी सांगत नाही. त्या आपल्या मनाने कारण शोधतात, उंची, जात, जिल्हा, ओळख, आणि निम्म्या जणी खेळ सोडतात.

मी वगळलेल्या प्रत्येक मुलीला पाच मिनिटं समोर बसवते आणि वही उघडून दाखवते. एकदा एका मुलीला सांगितलं, “नव्वदपैकी एकेचाळीस. पाच नंबरवर तुझा डावा खांदा मागे राहतो.” ती रडली नाही, तिने हातावर पेनाने 41 लिहून घेतलं. पुढच्या वर्षी आली तेव्हा नाव सांगायच्या आधी म्हणाली, “ताई, आधी पाच नंबरवर टाका.”