जुन्या गाडीत चांगला आवाज पाह्यजे तर आधी दरवाजा खोला

आमची अल्टो 2006 ची. गावात तिच्याहून जुन्या गाड्याही अजून धावून राहिल्या, कोणाची मारुती 800, कोणाची इंडिका, एकाची तर गॅसवाली ओम्नी, आणि सगळ्यांची तक्रार एकच की भाऊ गाडी बरी आहे पण गाणं लावलं की आवाज पिंपातून आल्यासारखा येते. मग कापसाचे पैसे हातात आले की माणूस तालुक्याला जाते, दुकानात मोठी अँड्रॉइड स्क्रीन चमकताना दिसते, ती बसवून घेते, आणि आवाज तसाच्या तसा. आर्वीकडच्या तीन-चार गाड्यांत हेच पाह्यलं म्हणून लिहून राहिलो. पैसे मोजकेच असले तर स्क्रीनवर घालू नका. आधी वायरिंग, मग दरवाजा आणि समोरचे स्पीकर, त्यानंतर डेक (डॅशबोर्डातला गाणी वाजवणारा प्लेअर), आणि ॲम्प-वूफर (पावर वाढवणारा डबा आणि बेसचा मोठा स्पीकर) सगळ्यात शेवटी.

पहिले वॅटचं समजून घ्या, कारण फसवणूक तिथंच होते. डेकच्या खोक्यावर लिहिलं असते 50 वॅट गुणिले 4, म्हणजे 200 वॅट. आता डेक उलटा करून मागचा फ्यूज पाहा, 10 नाहीतर 15 अँपिअरचा असते. इंजिन चालू असताना गाडीत 14 व्होल्टच्या आसपास असतात, म्हणजे 10 चा फ्यूज असला तर डेकच्या आत जाणारी पावरच 140 वॅट, त्यातलीही बरीच मागच्या ॲल्युमिनियमला गरम करण्यात जाते, मग बाहेर 200 कुठून येतील? खरी, सतत मिळणारी पावर एका स्पीकरला 15 ते 20 वॅट धरून चाला. वाईट वाटून घेऊ नका, छोट्या गाडीत तेवढी पुष्कळ होते, फक्त स्पीकर तसा निवडा लागते. स्पीकरच्या खोक्यावर 300 वॅट लिहिलंय का 400 हे सोडून द्या, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पावरमध्ये स्पीकर किती मोठा वाजते, ती किती डीबी (आवाजाचं माप) आहे ते वाचा. 90 किंवा त्याच्या वर पाह्यजे. तीन डीबीचा फरक म्हणजे दुप्पट पावरचं काम, 87 वाल्या स्पीकरला 40 वॅट देऊन जेवढा आवाज निघते तेवढा 90 वाला 20 वॅटमध्ये काढते. सोबत 4 ओहम (स्पीकरचा रोध) आहे ना तेही पाहून घ्या.

आता वायरिंग. माझ्या गाडीत आधीचं काम एका दुकानात करून घेतलं होतं, पोरानं वायरी दातानं सोलल्या, पीळ दिला, वरून काळा टेप गुंडाळला आणि अर्ध्या तासात मोकळा. दोन वर्षं वाजलं. मग एका नवतप्यात गाडी दिवसभर उन्हात उभी होती, बाहेरच 46 डिग्री म्हटल्यावर आत काय झालं असेल विचार करा. टेपचा डिंक वितळून टेप सरकला, मागच्या उजव्या स्पीकरची वायर उघडी पडली, सीटखालच्या पत्र्याला टेकली आणि डेक मुका. दुकानातला म्हणे, "भाऊ, आयसी गेली, आता नवीनच घ्या लागते." आयसी म्हणजे डेकमधली आवाज वाढवणारी चिप. कारण मला नंतर कळलं. आताच्या डेकमध्ये स्पीकरची मायनस वायर म्हणजे गाडीची अर्थ नसते, प्लस आणि मायनस दोन्हीवर आयसीचं आउटपुट असते. त्यातली एक जरी बॉडीला लागली तर डेक प्रोटेक्टमध्ये जाते (स्वतःला वाचवायला बंद पडते) नाहीतर आयसी जळते. फार जुन्या गाड्यांत कॅसेटवाल्या डेकच्या काळातली वायरिंग असते, तिथं दोन्ही स्पीकरची मायनस एकत्र करून बॉडीला लावलेली सापडते. तशी असली तर ती वायरिंग वापरूच नका, प्रत्येक स्पीकरला डेकपासून दोन-दोन नव्या तारा ओढा. शुद्ध तांब्याच्या घ्या, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्त मिळते पण वाकवून-वाकवून तुटते, चाकूनं खरवडली की आतून पांढरी दिसते.

काम सुरू करायच्या आधी बॅटरीचं मायनस टर्मिनल काढून ठेवा, हे विसरू नका. डेकच्या मागच्या तारांचे रंग बहुतेक कंपन्यांचे सारखेच असतात. पिवळी म्हणजे कायमचा 12 व्होल्ट, लाल चावी फिरवल्यावर येणारा, काळी अर्थ, निळी अँटेनाची आणि निळी-पांढरी ॲम्पला चालू करणारी. स्पीकरमध्ये पांढरी समोर डावा, राखाडी समोर उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, आणि त्याच रंगावर काळी रेघ असली की ती मायनस. पण हे रंग डेकच्या बाजूचे, गाडीच्या कपलरमधले (तारा जोडायच्या प्लगमधले) रंग वेगळे असतात, तिथं अंदाज न लावता मल्टीमीटर लावून पाहा. गाडीचं कपलर कापू तर नकाच, तुमच्या मॉडेलचं जोड-कपलर मिळते, ते आणा, सगळा जोड त्याच्या तारांवर करा.

जोड असा करा. स्लीव्ह (आचेनं आकसणारी प्लास्टिकची नळी) आधी एका तारेत ओवून दूर सरकवा (जोड झाल्यावर आठवलं तर सगळं उकलावं लागते), तारा अर्धा-अर्धा इंच सोला, एकमेकीत गुंफा, सोल्डर करा, थंड झालं की स्लीव्ह वर आणून लायटरची आच दुरून दाखवा, ती आकसून घट्ट बसते. काळा टेप जोडावर लावूच नका, आपल्याकडच्या उन्हात तो टिकत नाही. गाडी कोठ्यात किंवा कुटाराजवळ उभी राहत असली तर तारा नालीदार प्लास्टिक पाईपमधून न्या, उंदरांना नवीन वायरीचं आवरण लय आवडते.

आता दरवाजा. सगळ्यात जास्त फरक इथं पडते आणि सगळ्यात कमी लोक इथं हात घालतात. बऱ्याच जुन्या गाड्यांत मागच्या काचेखालच्या ट्रेवर दोन ओव्हल स्पीकर ठेवायची रीत आहे, तिथं ऊन थेट लागते, कागदी कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) वाळून फाटते, आणि गाणारा पाठीमागं बसून गाऊन राहिला असं वाटते. दोनच स्पीकरचे पैसे असले तर ते समोरच्या दरवाज्यात लावा. कोन पॉलिप्रोपिलीनचा, कडेची रिंग रबराची. फोमची रिंग काही वर्षांत भुगा होते.

काच चढवायचं हँडल कसं काढायचं ते कोणी सांगत नाही म्हणून नीट सांगतो. हँडलच्या मागं घोड्याच्या नालेसारखी तारेची क्लिप असते. जुना दुपट्टा घ्या, त्याची दोन बोटं रुंद पट्टी फाडा, हँडल आणि पॅडच्या (दरवाज्याच्या आतल्या पुठ्ठ्याच्या झाकणाच्या) मधल्या फटीत घाला आणि जोड्याला पॉलिश करतात तशी इकडून तिकडं ओढत राहा. कापड क्लिपच्या टोकाला अडकते आणि क्लिप टक्कन उडते. दुसरा हात वर आडवा धरा, माझी क्लिप बाजूच्या कुटारात गेली होती, लोहचुंबक फिरवून काढावी लागली. मग हात ठेवायच्या दांड्याचे स्क्रू, आणि पॅडच्या कडेच्या क्लिपा खालून सुरू करून एकेक सोडवा. जुन्या क्लिपा कडक झालेल्या असतात, चार-पाच तुटतील, आधीच आणून ठेवा.

पॅड निघालं की प्लास्टिकची पन्नी चिकटवलेली दिसते. ती फाडून फेकू नका. पावसाचं पाणी काचेच्या कडेनं दरवाज्याच्या आत उतरते आणि खालच्या भोकांतून निघून जाते, पन्नी नसली तर तेच पाणी पॅडच्या पुठ्ठ्यात मुरते आणि मिरगाच्या पहिल्या दोन पावसांत पॅड फुगते. खालची भोकं आमच्याकडच्या गाड्यांत काळ्या मातीनं बुजलेली असतात, काडी घालून मोकळी करा.

आता बाहेरच्या पत्र्यावर बोटानं टकटक करा. टण्ण वाजते ना? स्पीकर वाजला की तो पत्राही सोबत वाजते, म्हणून आवाज डब्यासारखा. आतला फुफाटा ओल्या फडक्यानं आणि मग थिनरनं पुसून काढा, कारण धुळीवर शीट चिकटत नाही, आणि ब्यूटाइलची डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर मारणारी चिकट रबरी शीट) रोलरनं दाबून बसवा. पूर्ण पत्रा झाकायची गरज नाही, मधला मोठा सपाट भाग झाकला तरी टण्णचं ढप्प होते. पाण्याची भोकं उघडी ठेवा. छतावर लावायचा डांबराचा पट्टा लावू नका, मे महिन्यात वितळून वास मारते आणि खाली घसरते.

स्पीकर समोर ढकलते तेव्हाच मागं ओढते. समोरची आणि मागची हवा एकमेकीला भेटली तर बेस तिथंच कटून जाते, म्हणून स्पीकरच्या भोवताली फट राहू देऊ नका. बारा एमएम प्लायची रिंग कापा, ऑइल पेंटचे दोन हात मारा, स्पीकर आणि रिंगच्या मधात पातळ फोम पट्टी द्या. स्पीकर घ्यायच्या आधीच काच पूर्ण खाली करून आत किती खोली मिळते ते मोजा, नाहीतर चुंबक काचेला घासते. आतली मोठी भोकंही शीटनं बंद करा. एवढं केल्यावर त्याच डेकवर, त्याच गाण्यात डग्गा पहिल्यांदा ऐकू आला, बाबा म्हणे "वूफर कधी बसवला?"

प्लस-मायनस तपासायला घड्याळातला पेन्सिल सेल पुरते. सेलच्या दोन टोकांना स्पीकरच्या दोन तारा क्षणभर टेकवा आणि कोनवर नजर ठेवा. कोन बाहेर आला तर सेलच्या प्लसवर असलेली तार स्पीकरची प्लस, आत गेला तर उलट. एक स्पीकर सरळ आणि दुसरा उलटा जोडला गेला तर दोघंही वाजतात, पण एक बाहेर ढकलते तेव्हा दुसरा आत ओढते आणि बेस गायब. वाजून राहिलं म्हणजे बरोबर असं धरू नका. लावल्यावर ओळखीचं रेकॉर्डिंग ऐका, मी खंजेरी भजन लावतो. खंजेरीच्या चकत्या वेगवेगळ्या खणकल्या पाह्यजे, आणि गाणारा दोन स्पीकरच्या मधोमध उभा वाटला पाह्यजे.

डेकचं थोडक्यात. जुन्या गाडीतली जागा बहुतेक सिंगल डिन (डेकच्या जागेचं ठरलेलं माप), 180 बाय 50 एमएम, डबल डिन 180 बाय 100. मोठ्या स्क्रीनसाठी डॅशबोर्ड कापू नका. ब्लूटूथ, मागं आरसीए आउट (ॲम्पला सिग्नल देणारी तार जोडायची जागा), आणि हाय पास फिल्टर (खालचा बेस अडवणारा) असलेला साधा सिंगल डिन घ्या, फिल्टर 80 हर्ट्झवर ठेवला की छोट्या स्पीकरवर खालच्या बेसचा भार येत नाही आणि तो फाटत नाही. घरात रेडिओ ऐकणारं कोणी असलं तर डेकमध्ये एएम आहे का विचारा, आमचे बाबा वर्षानुवर्षं 585 वर आकाशवाणी नागपूर लावायचे आणि स्वस्त डेकमध्ये नुसतं एफएम असते.

एवढ्यावरही बेस कमीच वाटला तर ॲम्प. डिक्कीत गॅसची टाकी असली तर सीटखालचा चपटा वूफर येते, त्यात ॲम्प आतच असते. बॅटरीपासून थेट तार आणा, बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज लावा, आणि तार पत्र्यातून आत जाते तिथं रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) पाह्यजेच. फ्यूज आणि ग्रोमेटशिवाय पत्र्यावर घासणारी तार म्हणजे गाडीला आग. ॲम्पवरचं गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, ते डेकच्या सिग्नलशी मेळ बसवायला असते, डेकचा व्हॉल्यूम पाऊण करा, गेन हळूहळू वाढवा, आवाज चिरकायला लागला की मागं घ्या आणि तिथंच सोडा. ॲम्प लावल्यावर रेस दिली की सोबत कुईंऽऽ आवाज चढत असला तर अर्थ पाहा. स्क्रूखालचा पेंट घासून पत्रा चमकवा, थिंबल (तारेच्या टोकाची धातूची कडी) दाबून लावा, आणि आरसीए गाडीच्या एका बाजूनं, पावरची तार दुसऱ्या बाजूनं न्या. बहुतेक वेळा तेवढ्यानं जाते.

शेवटी बॅटरीची तपासणी, ही टाळू नका, कारण आपल्या गाड्या कामाच्या दिवसांत चार-चार दिवस उभ्या राहतात. पिवळी आणि लाल एकत्र पिळलेली असली तर डेक अर्धवट जागा राहते. अर्धा अँपिअर जरी ओढला तरी 35 एएचची (अँपिअर-तासाची) बॅटरी 70 तासांत रिकामी, आणि स्टार्टर तर त्याच्या लय आधी हात टेकते. चावी काढा, दरवाजे लावा, मायनस टर्मिनल काढून त्याच्या आणि बॅटरीच्या मधात मल्टीमीटर 10 अँपिअरवर लावा. 50 मिलीअँपिअरच्या खाली दाखवलं तर ठीक. मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जाते.

मग पंधरा दिवस गाडी पांदणीतून चालवा आणि एकदा पॅड काढून स्पीकरचे स्क्रू पुन्हा कसा. माझ्या डाव्या दरवाज्यातले दोन ढिले निघाले होते आणि मी उगाच स्पीकर फाटला समजून बसलो होतो.