गोव्यात फोटो-व्हिडिओ स्टुडिओ टाकताय? मग या चुका टाळा

दर वर्षी चवथ (गणेश चतुर्थी) झाली की फोन सुरू होतात. कोणी डिचोलीचा, कोणी पेडण्याचा, कोणी कुडचड्याचा, आणि प्रश्न सगळ्यांचा एकच, "सर, स्टुडिओ टाकतोय, कॅमेरा कुठला घेऊ?" तुळशीचं लग्न झालं की सीझन चालू, म्हणून तेवढ्यात सगळं उभं करायची घाई. मी उलट विचारतो, जागेची लांबी किती, वर स्लॅब आहे का पत्रे, पावसाळ्यात गाळा कोण उघडणार? त्यावर बहुतेक जण गप्प होतात. कॅमेरा सगळ्यात शेवटी घेतला तरी चालतो हो. आज बाजारात मिळणारा कुठलाही बरा कॅमेरा लग्नाला पुरतो, स्टुडिओ बुडतो तो बाकीच्या गोष्टींनी.

टेप न घेता गाळा बघायला जाणं

भाडं बघतात, पार्किंग बघतात, रस्त्यावरून बोर्ड दिसतो का ते बघतात, पण लांबी मोजत नाहीत. आता हिशोब बघा. फुल फ्रेम कॅमेरा, ८५ एमएम लेन्स, कॅमेरा उभा धरून माणूस डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचाय, वर-खाली थोडी मोकळी जागा सोडून. तर तुम्हाला त्याच्यापासून साधारण सव्वापाच मीटर लांब जावं लागतं, म्हणजे सतरा फूट. त्याच्या मागे पडदा पाच-सहा फुटांवर हवा नाहीतर सावली पडद्यावर पडते, आणि तुम्हाला स्वतःला उभं राहायला दोन-तीन फूट लागतातच. झाले पंचवीस फूट. ५० एमएमवर काम भागवलं तरी अठरा-एकोणीस फूट लागतात. आणि लोक घेतात दहा बाय पंधराचा गाळा! मग ३५ एमएम लावून जवळून फोटो काढायचे, नाकं मोठी दिसतात, हातपाय विचित्र दिसतात, आणि गिऱ्हाईक म्हणतं फोटो चांगले येत नाहीत. कागदाचा मोठा रोल २.७२ मीटरचा, म्हणजे जवळजवळ नऊ फूट, दोन्ही बाजूंना स्टँड आणि लाईट धरले की रुंदीला बारा फूट तरी पाहिजेत.

उंचीचं तर कोणी बघतच नाही. दहा फुटांच्या खाली जाऊ नका, बारा मिळाली तर लगेच घ्या. त्यात हौस म्हणून पीओपी करतात, फूटभर उंची तिथेच गेली, आणि मग उभ्या माणसाच्या डोक्यावर बूमने, म्हणजे आडव्या दांड्याने, सॉफ्टबॉक्स (कापडी डब्यातला मऊ लाईट) धरला की तो फ्रेममध्ये. मडगावकडच्या एका मुलाने आधी छत केलं, भिंतींना पोपटी रंग दिला आणि मग मला बघायला बोलावलं. प्रत्येक चेहऱ्यावर एका गालाला हिरवी झाक येत होती, कारण लाईट भिंतीवर आपटून येतो तो भिंतीचा रंग घेऊन येतो. एडिटिंगमध्ये काढता येतं म्हणत होता. प्रत्येक फोटोतून एका गालाचा हिरवा काढत बसणार का? छत पांढरं, भिंती फिक्या राखाडी किंवा पांढऱ्या, आणि चमकणारा रंग नको, मॅट घ्या.

वर पत्रे असतील तर व्हिडिओचं काम विसरा. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर, त्या दिवसांत पत्र्याखाली मुलाखत रेकॉर्ड करून दाखवा. आणि भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवू नका, बाहेरचा आवाज त्याने अजिबात अडत नाही, आतला घुमाराही नीट जात नाही, वर ते पेटतं पटकन. जाड पडदे, गालिचा, कोपऱ्यात रॉकवूलचे पॅनेल, आणि माईक बोलणाऱ्याच्या जवळ. माईक जवळ नेला की निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

पावसाळ्यात कुलूप लावून गावी जाणं

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते, कारण ती टाळायला पैसे फार लागत नाहीत आणि तरी दर वर्षी कोणीतरी करतंच.

कळंगुटच्या बाजूला एका मुलाने स्टुडिओ टाकला. हाताला चांगला, पहिला सीझन जोरात गेला, टुरिस्टांचे कपल शूट, दोन-तीन मोठी लग्नं. जून लागला, काम थांबलं, हा वाळपईला घरी गेला. जाताना काय केलं, तर वीजबिल वाचवायला मेन स्विच बंद, सगळ्या लेन्स फोमच्या बॅगेत, बॅग लाकडी कपाटात, कपाटाला कुलूप. समुद्र जवळ, बाहेर पाऊस, आत ना हवा ना एसी. चवथीच्या आधी कोणाला तरी बाळाचे फोटो हवे होते म्हणून आला आणि शटर उघडल्यावर तिथूनच मला फोन. मी गेलो तेव्हा आतला वासच सगळं सांगत होता. मलमलच्या पडद्यावर काळे ठिपके, कागदाच्या रोलला लाटा आलेल्या. ७०-२०० एमएमची लेन्स हातात घेतली, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडलं, मागून टॉर्च तिरका मारला, तर आतल्या काचेवर कडेकडून मध्ये येणारे बारीक पांढरे धागे, कोळ्याच्या जाळ्यासारखे. समोरून बघितलं तर काहीच दिसत नव्हतं, म्हणून तो म्हणत होता की ही तरी वाचली. ती वाचली नव्हतीच, २४-७० तर त्याहून वाईट. मुंबईला पाठवल्या, एक साफ होऊन आली, दुसरीच्या काचेचं कोटिंगच फंगसने, म्हणजे बुरशीने, खाल्लं होतं. साफ केल्यावरही समोर लाईट आला की फोटो दुधट यायचे. लेन्सचे हप्ते मात्र चालूच होते.

आता उपाय. मी काय करतो ते सांगतो. ड्राय कॅबिनेट, आत ४० ते ५० टक्के आर्द्रता, त्याच्यावर नको आणि तीसच्या खालीही नको कारण रबर आणि आतलं वंगण सुकतं. कॅबिनेटवरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता आत आर्द्रता मोजणारा स्वतःचा एक हायग्रोमीटर ठेवतो. पैसे नसतील तर झाकणाला रबर असलेला हवाबंद डबा आणि रंग बदलणारं सिलिका जेल, रंग बदलला की गरम करून परत सुकवायचं. तांदळात ठेवू नका, पिठूळ धूळ तेवढी आत जाते. लेदरच्या पाऊचमध्ये किंवा फोमच्या बॅगेत तर महिनोन्‌महिने मुळीच नको, ती ओल धरून ठेवतात. आणि काम असो नसो, आठवड्यातून एकदा प्रत्येक लेन्स बाहेर काढायची, फोकस आणि झूम फिरवायचे, टॉर्च मारून बघायचं. फंगस लागलेली लेन्स बाकीच्यांपासून लगेच वेगळी करायची. कागदाचे रोल उभे ठेवायचे, आडवे ठेवले की मध्ये वाकतात. गावी जायचंच असेल तर लेन्स बरोबर न्या, किंवा चावी अशा माणसाकडे द्या जो खरोखर येऊन एसी ड्राय मोडवर चालवेल.

त्याच्याच जोडीला दुसरी गोष्ट. एसीतल्या थंड स्टुडिओतून कॅमेरा काढून थेट मे महिन्याच्या दुपारी बाहेर नेला की काचेवर वाफ धरते, आणि मुलं ती टी-शर्टने पुसतात!! कॅमेरा बॅगेत बंद ठेवूनच बाहेर न्या, अर्धा तास तसाच राहू दे, मग चेन उघडा.

कार्ड त्याच रात्री फॉरमॅट करणं

फोंड्याच्या बाजूला एका देवळाच्या हॉलमधलं लग्न. एका नव्या मुलाने शूट केलं, घरी येऊन सगळं एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी साष्टीत एक रोस (ख्रिस्ती लग्नाआधीचा हळदीसारखा विधी) होता म्हणून कार्डं रिकामी केली. रोसच्या दिवशी ती डिस्क टेबलावरून खाली पडली. कार्ड नुसतं फॉरमॅट झालं असतं तर रिकव्हरी सॉफ्टवेअरने पुष्कळ काही परत मिळालं असतं, पण त्याने त्याच कार्डांवर रोसचं चार-के व्हिडिओ शूट भरलं होतं. कन्यादान गेलं, सप्तपदी गेली, पाहुण्यांच्या मोबाईलमधले फोटो गोळा करून अल्बम करावा लागला. वधूच्या वडिलांसमोर काय तोंडाने उभं राहणार?

दोन कार्डांचे स्लॉट असलेला बॉडी घ्या आणि दोन्हीवर एकाच वेळी रेकॉर्ड करा. घरी आल्यावर दोन वेगळ्या डिस्क, एक स्टुडिओत आणि एक दुसऱ्या इमारतीत. माझ्याकडे अल्बम गिऱ्हाइकाच्या हातात जाईपर्यंत कार्डं पाकिटात, वर तारीख लिहून. कार्डं जास्त विकत घ्यावी लागतात, हो. एका प्री-वेडिंगच्या पैशात येतात.

बाकीचं पटापट सांगतो.

कॅमेऱ्याच्या मेनूत एनटीएससी (६० हर्ट्झ विजेसाठीची व्हिडिओ सेटिंग) ठेवून ३० किंवा ६० फ्रेमवर शूट करतात आणि मग हॉलमधले लाईट व्हिडिओत फडफडतात म्हणून लाईटवाल्याशी भांडतात. आपली वीज ५० हर्ट्झची. त्याच मेनूतली पाल (PAL) सेटिंग लावा, २५ किंवा ५० फ्रेम, शटर १/५० नाहीतर १/१००. बहुतेक फडफड तिथेच जाते.

स्वस्त एलईडी घेताना वॉट बघू नका, सीआरआय बघा, म्हणजे त्या लाईटात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ९५ च्या वर असेल तर घ्या.

अर्थिंग तपासून घ्या. पावसाच्या आधी आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा स्ट्रोब (स्टुडिओचे फ्लॅश) आणि कंप्युटरचे प्लग उपटून ठेवायचे, स्विच बंद करणं पुरत नाही.

ड्रोन खोक्यातून काढून थेट उडवू नका. दाबोळीला नौदलाचा आयएनएस हंसा तळ, वर पेडण्यात मोपा विमानतळ, गोवा केवढासा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटवरचा नकाशा आधी बघायचा, लाल झोनमध्ये केंद्राच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही. आणि २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन कमाईसाठी उडवायचा तर पायलटचं सर्टिफिकेट लागतं. "सगळे उडवतात" हे पोलिसांना सांगून बघा.

पणजीत फोंतान्हासमध्ये लोकांच्या दारात, खिडकीखाली तासन्‌तास शूट करू नका. ती राहती घरं आहेत, लोकांनी कंटाळून पाट्या लावल्यात, आणि त्या आपल्याच धंद्यातल्या माणसांमुळे लागल्यात याचं मला खरंच वाईट वाटतं. विचारून जा, लवकर आवरा. मोठं कमर्शियल शूट असेल तर एंटरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवाकडे आधी परवानगीचं बघा.

करार लिहून घ्या, एक पान पुरे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, दुसरं काही ठरलं नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणजे वधूचा फोटो तुम्ही स्टुडिओच्या बोर्डावर लावलात आणि तिच्या घरच्यांनी हरकत घेतली तर तुमच्या बाजूने काही नाही. त्या एका पानात फोटो वापरायची परवानगी, किती फोटो, किती दिवसांत, किती वेळा बदल, सगळं टाका. अर्धे पैसे तारीख धरताना, उरलेले अल्बमच्या आधी. ओळखीचा असला तरी.

पंचायतीचं किंवा पालिकेचं ट्रेड लायसन्स पहिल्या महिन्यातच काढा. जीएसटी वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीनंतर लागतो, पण बिलं पहिल्या दिवसापासून लिहा.

आणि पासपोर्ट फोटोला नाकं मुरडू नका. नवीन मुलांना सिनेमॅटिक करायचं असतं, त्यांना वाटतं पासपोर्ट फोटो म्हणजे कमीपणा. गोव्यातून बाहेर जाणारे कमी आहेत का? घराघरात कोणाची ना कोणाची कागदपत्रं चालू असतात. ३५ बाय ४५ मिलिमीटर युरोपच्या व्हिसाला, दोन बाय दोन इंच अमेरिकेच्या, दोन्हींची मापं आणि चेहरा किती मोठा हवा ते छापून भिंतीला लावा, कारण फोटो नाकारला गेला की माणूस परत येतो तो चिडूनच. जुलै-ऑगस्टमध्ये लग्नं नसतात तेव्हा भाडं याच कोपऱ्यातून निघतं. एक स्टूल, पांढरी भिंत, दोन कायम लावलेले लाईट आणि चांगला प्रिंटर, त्याची शाई मात्र पावसाळ्याच्या आधी भरून ठेवा.