रोजच्या वापरासाठी घडीचा चाकू निवडताना

घडीचा चाकू घ्यायला गेलेला माणूस बहुधा आधी पात्याची लांबी आणि चमक पाहतो. त्याऐवजी आपल्या दिवसात कापण्याची कोणती कामे खरोखर येतात, हे आधी ठरवावे. कोल्हापुरात ही कामे साधारण ठरलेली असतात. लक्ष्मीपुरीतून आणलेल्या मालाची सुतळी कापायची असते, उद्यमनगरातल्या कारखान्यात खोक्यावरची चिकटपट्टी आणि प्लास्टिकची पट्टी तोडायची असते, शेतावर ठिबकची नळी सरळ छाटायची असते, आणि रविवारी मसाई पठारावर किंवा पन्हाळ्याला गेल्यावर काकडी, कांदा, लिंबू चिरायचे असते. यांतल्या एकाही कामाला सात सेंटीमीटरपेक्षा लांब पाते लागत नाही. उसाचे कांडे सोलणे आणि नारळ फोडणे ही कामे मात्र यादीत धरू नयेत. उसाच्या सालीत सिलिका असल्यामुळे बारीक धार लवकर बोथट होते, आणि पात्याला पीळ देऊन जोर लावला की सगळा ताण बिजागरीच्या एका खिळ्यावर येतो. त्या कामांसाठी कोयता आहे आणि तो तिथेच वापरावा.

लांबीचा दुसरा संबंध कायद्याशी आहे, आणि तो नीट समजून घेतलेला बरा. शस्त्र नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू धारदार शस्त्रांच्या वर्गात घातले आहेत. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली साधने त्यातून वगळली आहेत. खिशातला चाकू या मापाच्या जवळपासही जात नाही, परंतु तेवढ्यावर निर्धास्त होणे चुकीचे ठरेल. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली सण, मिरवणुका, निवडणुका किंवा आंदोलनांच्या काळात जिल्हादंडाधिकारी मनाई आदेश काढू शकतात, आणि अशा आदेशात तलवारी, भाले, लाठ्या यांच्याबरोबर चाकूही येतात. त्यात पात्याच्या लांबीची सूट नसते. म्हणून गणेशोत्सवात किंवा शहरात बंदोबस्त असताना चाकू घरीच ठेवावा. न्यायालयाच्या आवारात जाताना आणि अंबाबाईच्या दर्शनाला जातानाही तो बरोबर नेऊ नये. उजळाईवाडीच्या विमानतळावरून प्रवास असेल, तर चाकू विमानात आत नेण्याच्या बॅगेत चालत नाही. तो सामानात जमा होणाऱ्या बॅगेत टाकावा. बटण दाबताच झटक्याने उघडणारा चाकू तर कोणत्याच कारणासाठी घेऊ नये. त्याचे कापण्याच्या कामात काही विशेष साधत नाही, आणि तो बाळगणाऱ्याच्या हेतूबद्दल शंका मात्र लगेच घेतली जाते. दोन्ही हातांनी, नखाच्या खाचेत नख अडकवून उघडावा लागणारा लहान चाकू चारचौघांत काढला तरी शेजारचा माणूस दचकत नाही, आणि रोज जवळ बाळगण्याच्या वस्तूत हा गुण फार महत्त्वाचा आहे.

निवडीत सर्वांत जास्त विचार पाते उघडे राहण्याच्या रचनेचा करावा, कारण घडीच्या चाकूने होणाऱ्या जखमा पुष्कळदा पाते अचानक मिटल्यामुळे होतात. सर्वांत साध्या प्रकारात लॉक नसतो; मुठीच्या पाठीत बसवलेली पोलादी पट्टी स्प्रिंगसारखी पात्याच्या मुळावर दाब देते आणि त्या दाबानेच पाते उघडे राहते. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचे लाल मुठीचे बरेचसे चाकू याच पद्धतीचे असतात. ही कंपनी १८८४ मध्ये सुरू झाली आणि तिचा अधिकाऱ्यांसाठीचा चाकू १८९७ चा आहे. इतकी वर्षे ही रचना टिकली याचे कारण तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही. सुतळी, कागद आणि फळे कापणाऱ्याला ती पुरेशी आहे, मात्र पात्याचे टोक खुपसून भोक पाडण्याच्या कामात ती दगा देते, कारण तिथे जोर नेमका मिटण्याच्या दिशेने येतो.

असे काम नेहमी येत असेल, किंवा पावसात ओल्या हातांनी चाकू वापरावा लागत असेल, तर लॉकचा चाकू घ्यावा. पाठीवरचा खटका दाबून मिटणारा प्रकार मजबूत असतो, पण त्याच्या खाचेत माती आणि चिकटपट्टीचा गोंद साचला की खटका पूर्ण बसत नाही. म्हणून ती खाच वरचेवर साफ करावी लागते. दुसऱ्या प्रकारात मुठीच्या आतली पातळ पट्टी आडवी सरकून पात्याच्या टाचेला टेकते. हा चाकू एका हाताने मिटवता येतो, परंतु मिटवताना अंगठा पात्याच्या वाटेतच असतो, त्यामुळे घाईने काम करणाऱ्याला तो मी सुचवणार नाही. फ्रान्सच्या ओपिनेल कंपनीने १९५५ पासून वापरलेली फिरती कडी मला यांत सर्वांत समजायला सोपी वाटते. पाते उघडल्यावर कडी फिरवली की पाते अडकते, आणि कडी लागली आहे की नाही हे डोळ्यांना स्पष्ट दिसते. या कंपनीचा सहा क्रमांकाचा चाकू रोजच्या वापराला योग्य आहे. आठ क्रमांकाचे पाते साडेआठ सेंटीमीटरचे असते, ते स्वयंपाकाला सोयीचे, पण खिशाला थोडे मोठे.

पोलादाच्या बाबतीत आपल्या हवेचा विचार टाळता येत नाही. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात, आणि त्याहून अधिक राधानगरी व गगनबावड्याकडे, खिशातली वस्तू दिवसभर दमट राहते. साधे कार्बन पोलाद उत्तम धार घेते आणि घरच्या दगडावर लवकर धरतेही, पण लिंबू किंवा कांदा चिरून पाते पुसले नाही तर ते काळे पडते आणि पावसाळ्यात एका रात्रीत त्यावर तांबूस गंज येऊ शकतो. बाजारात सध्या डी२ या पोलादाची जाहिरात जोरात असते. त्यात सुमारे दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम असते. आकडा पाहून ते न गंजणारे वाटते; प्रत्यक्षात त्यातले बरेचसे क्रोमियम कार्बनशी बांधले जाऊन कठीण कणांच्या रूपात अडकते आणि गंज अडवायला कमी उरते. हेच कण धार जास्त काळ टिकवतात, तसेच ते धार लावण्याचे काम कष्टाचे करतात. माझ्या मते कोल्हापुरात राहणाऱ्याने १२सी२७ सारखे किंवा व्हिक्टोरिनॉक्स वापरते तसे, रॉकवेल मापनावर ५५ ते ५८ च्या आसपास कठीण असलेले स्टेनलेस पोलाद निवडावे. त्याची धार लवकर उतरते हे खरे, पण ती दहा मिनिटांत घरी परत आणता येते.

मुठीला लाकूड दिसायला सुंदर असते, मात्र ओपिनेलच्या बीच लाकडाच्या मुठीत पाणी मुरले की ती फुगते आणि पाते आत आवळून बसते, त्यामुळे पावसाळ्यात प्लास्टिकची किंवा अॅल्युमिनियमची मूठ सोयीची पडते. शिंगाची मूठ हवी असेल तर ते शिंग म्हशीचे असल्याची खात्री करावी. सांबराच्या शिंगाचा व्यवहार वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा ठरतो.

शक्य असेल तर चाकू दुकानात हातात घेऊनच घ्यावा. पाते मिटल्यावर ते दोन्ही बाजूंच्या मध्ये बसते का, की एका बाजूला घासते, हे वरून पाहावे. मग पाते उघडून, धारेवर बोट न ठेवता, चिमटीत धरून डावीउजवीकडे हलवावे; नव्या चाकूत तिथे हालचाल जाणवली तर तो परत ठेवावा. लॉक असेल तर पात्याची पाठ टेबलाच्या लाकडी कडेवर हलकेच दाबावी आणि त्या वेळी बोटे मिटण्याच्या वाटेबाहेर धरावीत. पाते टोकापासून मुळापर्यंत सारख्या जाडीने घासलेले आहे का, हे उजेडात पाहिले की कळते. पात्यावर मोठ्या अक्षरांत पोलादाचे नाव छापलेले, पण बनवणाऱ्याचे नाव कुठेच नाही, असा स्वस्त चाकू ऑनलाइन दिसला तरी मोहात पडू नये.

चाकूबरोबरच धारेचा दगडही घ्यावा. एका बाजूला ४०० आणि दुसऱ्या बाजूला १००० क्रमांकाचा (हा कणांच्या बारीकपणाचा क्रमांक) असा एक दगड घराला पुरतो. पाते दगडाशी सुमारे वीस अंशांत धरून, दोन्ही बाजूंना सारखे हात मारावेत आणि कोन बदलू देऊ नये. बिजागरीत शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरतो. खाण्याच्या वस्तू चिरणाऱ्या पात्याला औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन लावावे, कारण शेंगदाण्याचे तेल काही दिवसांत चिकट होते आणि त्यात धूळ बसते. गल्लीत येणाऱ्या धारवाल्याकडे विळी किंवा सुरी जरूर द्यावी, पण घडीच्या चाकूचे पातळ पाते त्याच्या कोरड्या फिरत्या चाकावर धरू देऊ नये. ठिणग्या उडतात तिथे धारेची कड इतकी तापते की पोलादाचे पाणी उतरते. धारेवर निळसर छटा दिसली तर तेवढा भाग मऊ झाला आहे असे समजावे, आणि तो दगडावर पूर्ण घासून काढल्याशिवाय तिथे टिकणारी धार येत नाही.